धरणाच्या पाण्यावर शिडाच्या बोटींचा क्लब कसा चालवायचा

शेडमध्ये बारा बोटी आणि रविवारी पाण्यात चार, ही क्लब बंद पडायला लागल्याची पहिली खूण. उरलेल्या आठांपैकी एकीचं सुकाणू सापडत नाही, दोघींच्या पोटात पाणी जातं, तिघींचे दोर कुजलेत आणि दोघींच्या ट्रॉलीची चाकं बसलीत. एकही बिघाड मोठा नसतो. पण दीड तास गाडी चालवून आलेला सभासद बोट नाही म्हणून दोनदा परत गेला की तिसऱ्यांदा येत नाही. म्हणून क्लब कसा चाललाय हे सभासदसंख्येवरून किंवा कपाटातल्या ट्रॉफ्यांवरून ठरवू नका. शेडचं कुलूप निघाल्यापासून अर्ध्या तासात किती बोटी शीड चढवून पाण्याला लागतात, ते दर रविवारी वहीत लिहा. क्लबमध्ये काय सुधारायचं, कुठे पैसे घालायचे, हे सगळं त्या आकड्यावरून ठरवता येतं.

पाणी आणि वारा

जागा बघायला मे महिन्यात जा. ऑक्टोबरात धरण तुडुंब असतं आणि कुठलाही काठ चांगलाच दिसतो. मे महिन्यात पाणी खाली गेलं की खरा तळ कळतो: चिखल, जुन्या बांधांचे दगड, झाडांचे बुंधे, बुडालेल्या गावाची जोती. पवनेच्या जलाशयातलं वाघेश्वराचं मंदिर आणि उजनीतलं पळसदेवाचं मंदिर उन्हाळ्यात उघडं पडतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण वर्षातले काही महिने त्याचा कळस पाण्याखाली हात-दोन हातांवर असतो, ते बोटीतून दिसत नाही. अशा प्रत्येक जागेची मोबाइलवर खूण करून ठेवा आणि पाणी चढल्यावर तिथे बोया (तरंगती खूण) टाका. लेझर या एकट्याच्या बोटीचा डॅगरबोर्ड, म्हणजे पोटातून पाण्यात जाणारी फळी, जवळजवळ ऐंशी सेंटिमीटर खोल जातो. तो वेगात दगडावर आपटला तर बोर्ड तर फुटतोच, शिवाय बोटीच्या आतली त्याची पेटी चिरते, आणि ती दुरुस्ती किचकट असते.

उतरण्याचा उतार पाण्याबरोबर सरकतो हे धरून चला. सिमेंटचा एकच रॅम्प बांधला तर तो वर्षातले काही महिने कोरड्यात राहणार. त्यापेक्षा मुरूम टाकून दाबलेली लांब वाट आणि तिच्यापुढे चिखलावर अंथरायला रबरी मॅट किंवा बांबूचे तट्टे, हे स्वस्तात होतं आणि दरवर्षी हलवता येतं.

सह्याद्रीच्या दऱ्यांतल्या जलाशयांवर हिवाळ्यात सकाळी पाणी आरशासारखं असतं. वारा दुपारकडे धरतो. सकाळी आठला सगळ्यांना बोलावून अकरापर्यंत वाट बघायला लावणं हा सभासद घालवायचा खात्रीचा मार्ग. सकाळ डागडुजीला आणि जमिनीवरच्या शिकवणीला ठेवा, बोटी साडेअकरानंतर उतरवा. डोंगराच्या कुशीत वारा झोत मारत येतो आणि दिशाही बदलतो, त्यामुळे शिकाऊंना काठापासून थोडं बाहेर, मोकळ्या पाण्यात न्यावं लागतं. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग जमायला लागले, गार झुळूक आली, की बोटी आत. गडगडाट ऐकू आला की अॅल्युमिनियमच्या डोलकाठीखाली कुणी बसायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटल्याशिवाय परत उतरायचं नाही.

शेडपासून पाण्यापर्यंतच्या वाटेवर विजेची तार असेल तर ती जागा सोडा किंवा महावितरणकडे अर्ज करून तार हलवून घ्या. उभ्या डोलकाठीची बोट ट्रॉलीवर ढकलताना कुणी वर बघत नाही. लेझरची काठी सहा मीटर, त्यात ट्रॉलीची उंची. तार हलेपर्यंत काठी पाण्याजवळच उभी करायची, हा नियम रंगाने भिंतीवर लिहा.

समुद्रकाठी क्लब असेल तर हिशेब वेगळा: मुंबईत उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, त्यामुळे वेळापत्रक घड्याळापेक्षा भरतीच्या कोष्टकावर लावावं लागतं, आणि प्रत्येक वेळी बोट, दोर, पुली सगळं गोड्या पाण्याने धुवावं लागतं. पुढचं बरंचसं दोन्हीकडे लागू आहे.

कागद आणि शेजार

सात जण मिळाले की सोसायटी नोंदणी कायदा, १८६० खाली संस्था नोंदवता येते, आणि महाराष्ट्रात तिचीच सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंद होते. पाणी आणि काठची जमीन जलसंपदा विभागाची असते. त्यांच्या लेखी परवानगीशिवाय साधी शेडही उभी करू नका. अर्जासोबत नकाशा जोडा आणि त्यावर धरणाची भिंत, सांडवा आणि जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) यांच्यापासून किती अंतर सोडणार ते स्वतःहून दाखवा. पिण्याच्या पाण्याचं धरण असेल तर पेट्रोलच्या इंजिनाचा प्रश्न हमखास निघतो. बचावबोटीला एकच इंजिन, इंधन भरायचं ते काठापासून लांब, ट्रेमध्ये, हे अर्जातच लिहिलं तर फाइल लवकर हलते. इंजिनाच्या बोटीची नोंदणी आणि विमा वेगळा. शिडाच्या बोटींसाठी निदान त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा घ्याच.

त्याआधी मात्र मच्छीमार सहकारी संस्थेच्या लोकांना भेटा. जाळी कुठे, कोणत्या महिन्यांत, आणि खुणेला काय बांधतात, हे विचारा. बहुतेक ठिकाणी रिकाम्या बाटल्या किंवा थर्मोकोलचे तुकडे असतात. बोट जाळ्यात अडकली तर जाळं कापायचं नाही, बोर्ड आणि सुकाणू वर घेऊन सरकायचं, आणि तरीही फाटलंच तर त्याच दिवशी भरपाई द्यायची. काठच्या गावांतल्या मुलांसाठी दर शिबिरात दोन-तीन जागा फुकट ठेवा. ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या त्यांच्या नातवंडांना काठावरून बघत उभं करणं शोभत नाही. आणि व्यवहाराच्या बाजूने बघितलं तरी ही मुलं पोहणारी, पाणी ओळखणारी आणि वर्षभर जवळ राहणारी असतात. पुढे बचावबोटीवरचे चांगले चालक यांच्यातूनच मिळतात.

कोणत्या बोटी, किती

दान म्हणून मिळालेल्या सात जातींच्या सात बोटी घेऊ नका. प्रत्येकीचे सुटे भाग वेगळे, शर्यत लावता येत नाही, आणि एकीचं सामान दुसरीला बसत नाही. पंचवीस-तीस सभासदांच्या क्लबला सहा ऑप्टिमिस्ट, चार लेझर आणि दोघांच्या दोन बोटी पुरतात.

ऑप्टिमिस्ट ही पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची, चौकोनी नाकाची छोटी बोट. १९४७ मध्ये फ्लोरिडात क्लार्क मिल्सने ती प्लायवुडमध्ये घरी बांधता यावी म्हणून आखली. सांगाडा ३५ किलोचा, म्हणजे दोन मोठी माणसं सहज उचलतात. लेझरला आता आयएलसीए म्हणतात. सव्वाचार मीटरची, एकट्याची. तिचा मोठा फायदा असा की त्याच बोटीवर तीन मापांची शिडं चढतात: सुमारे ७, ५.७ आणि ४.७ चौरस मीटर. म्हणजे सत्तर किलोचा गडी आणि पन्नास किलोची मुलगी एकच बोट आलटून पालटून वापरू शकतात. फक्त डोलकाठीची खालची नळी आणि शीड बदलायचं. दोघांसाठी एंटरप्राइज जुनी असली तरी आपल्याकडे रुळलेली आहे. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत होमी मोतीवाला आणि पी. के. गर्ग यांनी कांस्य मिळवलं ते याच बोटीत. नवख्याला अनुभवी माणसाशेजारी बसवायला दोघांची बोट हवीच.

शनिवारची डागडुजी

बोटी बंद पडतात त्या बहुतेक वेळा वीस रुपयांच्या वस्तूवाचून. प्रत्येक बोटीला नंबर द्या, शेडच्या भिंतीवर त्याच नंबरचा खुंटा, आणि खुंट्यावर तिचंच सुकाणू, तिचाच बोर्ड, तिचाच मेनशीटचा, म्हणजे शीड ओढायचा-सोडायचा दोर. बिघाड दिसला की बोटीवर लाल फडकं बांधायचं आणि वहीत एक ओळ लिहायची. फडकं ज्याने बांधलं त्याच्यावर दुरुस्तीची जबाबदारी नाही. ही मुभा दिली नाही तर लोक बिघाड लपवतात.

लेझरमध्ये आधी डोलकाठीचं भोक बघा. त्यात वाळू जाते, काठी तिच्यावर फिरत राहते आणि तळ झिजतो. भोक काठोकाठ पाण्याने भरा आणि दहा मिनिटं थांबा. पातळी खाली गेली तर पाणी बोटीच्या पोटात चाललंय. ती बोट तशीच चालवली तर एखाद्या वाऱ्याच्या दिवशी काठी डेक फाडून बाहेर येईल. दर वेळी काठी घालण्याआधी भोक धुणं आणि तळाशी गुळगुळीत प्लास्टिकची चकती टाकणं एवढ्याने हे टळतं. काठीची वरची नळी, खालच्या नळीत बसते तिथल्या कॉलरच्या रिव्हेटपाशी वाकते आणि तिथूनच तुटते. महिन्यातून एकदा सपाट फरशीवर गडगडवून बघा. सरळ नळी एकसारखी फिरते, वाकलेली थबकत थबकत जाते. एक वरची नळी कायम शिल्लक ठेवा.

तासाभरानंतर मागच्या बुचातून कपभर पाणी निघालं तर चालतं. बादली भरत असेल तर गळती शोधा. सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुचाच्या भोकाला नळी लावून तोंडाने फुंका, बुडबुडे कुठे येतात ते खडूने खुणा. कॉम्प्रेसर लावू नका, डेकचा सांधाच उकलतो. आणि बूच लावायला विसरणं हा बिघाड नव्हे, पण तो सगळ्यांत जास्त वेळा होतो. म्हणून बूच दोरीने बोटीलाच बांधून ठेवायचं. सुकाणूची स्प्रिंगची क्लिप नसेल तर बोट उलटल्यावर सुकाणू निसटून तळाला जातं.

ऑप्टिमिस्टमध्ये तीन गोष्टी. हवेच्या तीनही पिशव्या फुगलेल्या आणि पट्ट्यांनी घट्ट. मात्र उन्हात ठेवायच्या असतील तर थोडी हवा काढा, नाहीतर दुपारी शिवण फाटते. डोलकाठी बाकाला दोरीने किंवा क्लॅम्पने अडकवलेली, कारण बोट उलटल्यावर सैल काठी बाहेर निघते आणि तळची बैठक मोडते. आणि पुढच्या टोकाला तरंगणारा दोर, किमान ५ मिलिमीटर जाड, ८ मीटर लांब. पाणी उपसायला पाच लिटर तेलाचा कॅन तिरका कापून मूठ ठेवली की उत्तम बेलर होतो. तो दोरीने बांधा, नाहीतर बोट उलटल्यावर वाहून जाणारी पहिली वस्तू तीच.

फायबरचा टवका दुरुस्त करताना घाई करू नका. गोड्या पाण्याने धुऊन जागा पूर्ण कोरडी होऊ द्या, ८० नंबरच्या कागदाने घासा, जेलकोट (फायबरचा वरचा गुळगुळीत थर) किंवा रेझिन भरा, वाळल्यावर ४०० ते १००० नंबरपर्यंत पाणी लावून घासत जा. रेझिन घट्ट करणाऱ्या कॅटॅलिस्टचं प्रमाण वजनाच्या एक ते दोन टक्के. मे महिन्याच्या दुपारी एक टक्काही वाटीत धूर काढायला पुरतो. आपल्याकडच्या दुकानांत रेझिनबरोबर कोबाल्टचं अॅक्सिलरेटर वेगळ्या बाटलीत देतात. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग कॅटॅलिस्ट.

शिडांचं वय ऊन आणि फडफड ठरवते. काठावर गप्पा मारताना शीड फडफडत ठेवायचं नाही, उतरवून गुंडाळायचं. घडी घातली की त्याच रेषेवर कापड चिरतं.

बचावबोट

बचावबोट नसेल तर त्या दिवशी शिडाची बोट उतरत नाही. ती आधी घ्या, बाकीच्या नंतर. फुगीर काठांची किंवा सपाट तळाची, २५ ते ४० अश्वशक्तीचं इंजिन, आणि सहा-सात बोटींमागे एक असा अंदाज. बोटीवर दोघे हवेत: चालवणारा एक आणि पाण्यातल्या माणसाला धरणारा दुसरा. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालकाच्या पायाला किंवा जॅकेटला अडकवल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. बोटीत एवढं असलंच पाहिजे: नांगर आणि खोलीच्या पाचपट दोर, दोन वल्ही, २० मीटरची फेकदोरी, ओढायला तरंगणारा दोर, दातेरी सुरी, तारकटर, जादा स्पार्क प्लग आणि तो काढायचा पाना, प्रथमोपचार पेटी, पिण्याचं पाणी, शिट्टी. इंधनाचा एक तृतीयांश भाग जायला, एक यायला आणि एक न वापरायला.

उलटलेल्या बोटीकडे गेल्यावर आधी डोकी मोजा. बोट नंतर. माणूस हाताच्या अंतरावर आला की इंजिन बंद करायचं, नुसतं न्यूट्रल पुरेसं नाही. उथळ पाण्यात बोट पूर्ण पालथी होऊन काठीचं टोक चिखलात रुतलं तर काठीला दोर बांधून ओढू नका, ती मोडते. दोर बोटीच्या पुढच्या टोकाला बांधा आणि रुतलेली काठी ज्या दिशेने आत शिरली त्याच्या उलट दिशेला सावकाश सरकत बाहेर घ्या. बोटी ओढत आणायच्या तर शीड उतरवलेलं, बोर्ड वर, आणि सुकाणूवर कुणीतरी बसलेलं.

लाइफ जॅकेट पोहणाऱ्यांना ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या जोराचं माप), न पोहणाऱ्यांना १०० न्यूटनचं. जुनी जॅकेटं आतून बसलेली असतात आणि दिसायला नवी. मोठ्या मापाच्या ५० न्यूटनच्या जॅकेटला वाण्याकडचं पाच किलोचं लोखंडी वजन बांधून पाण्यात सोडा. बुडालं तर ते जॅकेट फेकून द्या, कुणाला देऊ नका. लहान मुलांना जांघेखालचा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं.

कोण पाण्यात आहे हे आठवणीवर सोडायचं नाही. शेडच्या दारात पाटी, पाटीवर नंबरचे बिल्ले. उतरताना बिल्ला घ्यायचा, आल्यावर लावायचा. पाटी पूर्ण भरल्याशिवाय बचावबोट काठाला लागत नाही.

शिकवणी आणि त्यानंतरचे सहा रविवार

पहिल्या दिवशी बोट ट्रॉलीवर ठेवून बूम (शिडाखालची आडवी दांडी) कुठून कुठे येते, डोकं कधी वाकवायचं, सुकाणूचा दांडा ढकलला की नाक कुठे वळतं, एवढंच. त्याच दिवशी दुपारी काठाजवळ मुद्दाम बोट उलटवायला लावा. उलटण्याची भीती गेल्याशिवाय पुढचं काही डोक्यात शिरत नाही. दुसऱ्या दिवशी दोन बोया आडव्या वाऱ्यावर लावून आठाच्या आकड्यात फिरवा. वाऱ्यावर चढणं तिसऱ्या दिवशी, वारा पाठीवर घेऊन वळणं सगळ्यांत शेवटी. वारा आठ नॉटपर्यंत (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) असेल तर नवखे, पंधरा-सोळापर्यंत शर्यतवाले, वीसच्या पुढे कुणीच नाही. हातातलं वारामापक नसेल तर पाण्यावर कुठे कुठे पांढरे तुरे दिसायला लागले की नवख्यांना आत बोलवा.

क्लब माणसं गमावतो ते शिबिरात नाही, शिबिर संपल्यावर. प्रमाणपत्र हातात पडतं, पुढच्या रविवारी तो येतो, आणि कुणी त्याच्याशी बोलत नाही. त्याला एकट्याला बोट देववत नाही आणि शर्यतीत उतरायची त्याची हिंमत नसते. म्हणून प्रमाणपत्र देतानाच त्याचं नाव पुढच्या सहा रविवारांच्या यादीत, एका जुन्या सभासदाच्या नावासमोर लिहा. तीन रविवार दोघांच्या बोटीत, तीन रविवार एकट्याने पण जुना माणूस शेजारच्या बोटीत.

रविवारची शर्यत

शर्यत दर रविवारी ठरलेल्या वेळी, दोन बोटी असल्या तरी. बोया म्हणून नारिंगी रंगवलेले वीस लिटरचे कॅन चालतात. नांगराला डब्यात ओतलेलं काँक्रीट, दहा किलो. दोर स्वस्तातला तरंगणारा असेल तर ढील पाण्यावर पसरते आणि डॅगरबोर्डांत अडकते. बोयाखाली दोन मीटरवर दोराला अर्धा किलोचं वजन बांधलं की हा त्रास जातो.

सुरुवातीची रेषा वाऱ्याला आडवी, लांबी बोटींची संख्या गुणिले बोटीची लांबी गुणिले दीड. दहा लेझरना त्रेसष्ट मीटर. वाऱ्याकडची वरची बोया चारशे-पाचशे मीटरवर, एक शर्यत तीस ते चाळीस मिनिटांची, दिवसात तीन. पाच मिनिटं आधी वर्गाचा, म्हणजे त्या जातीच्या बोटींचा झेंडा आणि एक भोंगा, चार मिनिटांना पी झेंडा (निळ्यावर पांढरा चौकोन) आणि भोंगा, एक मिनिट उरलं की पी खाली आणि लांब भोंगा, शून्याला वर्गाचा झेंडा खाली. वेळ झेंड्यावरून धरायची, भोंगा चुकू शकतो. नवख्यांना शर्यतीचे तीनच नियम आधी शिकवा: डाव्या अंगाने वारा घेणाऱ्याने उजव्या अंगाने वारा घेणाऱ्याला वाट द्यायची, वाऱ्याकडच्याने वाऱ्याखालच्याला, मागच्याने पुढच्याला.

वेगवेगळ्या बोटी एकत्र धावल्या तर वेळेला पोर्ट्समथ आकड्याने, म्हणजे बोटीच्या जातीच्या वेगानुसार ठरलेल्या आकड्याने भागा: लागलेले सेकंद गुणिले १००० भागिले बोटीचा आकडा. लेझरचा ११०० आणि ऑप्टिमिस्टचा १६४० धरला, तर ४० मिनिटं लावलेल्या लेझरचे २१८२ सेकंद होतात आणि ५८ मिनिटं लावलेल्या ऑप्टिमिस्टचे २१२२. बारा वर्षांची मुलगी काकांना हरवते, आणि काका पुढच्या रविवारी वेळेवर येतात.

दर रविवारी चौघांची पाळी: शर्यत सुरू करून देणारा, बचावबोटीचा चालक, त्याचा जोडीदार आणि शेड सांभाळणारा. पाळ्या हंगामाच्या सुरुवातीलाच सहा महिन्यांच्या लावा. कुणाला जमत नसेल तर बदली त्यानेच शोधायची, सचिवाने नाही. नाहीतर तेच चार लोक राबतात आणि दोन वर्षांत दमून जातात.

पैसे आणि पावसाळा

वर्गणी ठरवताना बोटींच्या आजच्या किमतीच्या दहा-पंधरा टक्के दरवर्षी डागडुजीला बाजूला काढा आणि त्याचं खातं वेगळं ठेवा; पार्टीला त्यातून पैसे घ्यायचे नाहीत. स्वतःची बोट ठेवणाऱ्याकडून जागेचं भाडं महिन्यावर घ्या आणि वर्षभर न हललेल्या बोटीला दुप्पट लावा. अशा बोटी शेड अडवतात आणि त्यांच्या मालकांची मतं सभेत सगळ्यांत मोठी असतात.

जूनमध्ये शेड बंद करताना बुचं उघडी, बोटी पालथ्या किंवा मागे उतार देऊन, दोर धुऊन पोत्यात, शिडं गुंडाळून घरी. शिडं शेडमध्ये ठेवली तर उंदीर एका पावसाळ्यात त्यांची चाळण करतात. बूम आणि काठ्यांची टोकं कापडाने बांधा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीची घरटी करते आणि सप्टेंबरात दोर ओवता येत नाही. इंजिन गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपवा, बॅटरी काढून घरी न्या. वार्षिक सभा याच महिन्यांत घ्या. समिती बदलली तर नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. तो राहिला तर पुढे बँक सह्या बदलायला नकार देते आणि ऑक्टोबरात, वारा धरायच्या वेळी, इंजिनाचा पाना घ्यायलाही पैसे काढता येत नाहीत.